कादंबरी, वर्ग आणि मास्तरांचे मौन

(शिक्षक-कार्यकर्त्यांच्या एका शिबिरात केलेल्या भाषणाचे हे संपादित रूप आहे.)

संयोजकांनी मला दिलेला विषय ‘साहित्याचे अध्यापन आणि लोकशाही मूल्ये’ असा आहे. विषय भारदस्त आहे आणि त्यावर भारदस्तपणे तासभर बोलता येईल इतकी उद्धरणे माझ्या टिपणवहीत निश्चित आहेत. तथापि मी तसे करणार नाही. एका वर्गात, एका कादंबरीच्या निमित्ताने, सहा शनिवारांत काय घडले एवढेच मी सांगणार आहे. त्यातून मूल्ये निघाली तर ती आपली आपण पारखून घ्यावीत.

प्रथम माझ्या अपराधाची कबुली देतो. माध्यमिक शाळेत मराठी शिकवावयास लागून मला बावीस वर्षे झाली. एवढ्या काळात कादंबरीचा उतारा मी ज्या पद्धतीने शिकवला ती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. मास्तराने खड्या आवाजात वाचावे, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहावेत, कथानक सांगावे, पात्रांचे स्वभाव सांगावेत आणि अखेरीस लेखकाला काय म्हणावयाचे आहे तेही आपणच सांगून टाकावे. मग परीक्षेत ‘लेखकाने ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण केले आहे’ हे वाक्य चोपन्न उत्तरपत्रिकांत चोपन्न वेळा वाचावे. हे वाक्य लिहिणारी मुले वाड्यावस्त्यांवरून चार-चार मैल चालत आलेली असतात. ज्या जीवनाचे ते वास्तव चित्रण, ते जीवन त्यांच्या अंगावरच्या धुळीत असते. पण चित्रण वास्तव आहे की नाही, असा प्रश्न त्यांना कोणी विचारलेला नसतो. निकाल मी आधीच लावून ठेवलेला असतो, त्यांनी फक्त खाली सही करावयाची.

आपण समाजवादी लोक. ‘निर्णयात सहभाग’ हे शब्द आपल्या ठरावांत असतातच असतात. वर्गात मात्र आपण संस्थानिक असतो, हे कधीतरी मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

म्हणून नववीच्या वर्गात मी ‘बनगरवाडी’ घेतली. का घेतली ते सांगतो. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. ती लहानशी आहे, तिची भाषा साधी आहे आणि तिच्यात माणदेश आहे. माडगूळकर स्वतः माडगूळचे, म्हणजे जुन्या औंध संस्थानच्या मुलखातले. कादंबरीचा निवेदक एकशिक्षकी शाळेवर नेमला गेलेला तरुण मास्तर आहे. धनगरांच्या एका वाडीवर तो येतो, तेव्हा शाळेत मुले नसतात. मुले मेंढरांमागे असतात. म्हाताऱ्या कारभाऱ्याच्या आधाराने तो हळूहळू वाडीत रुजतो, वाडीकडून तालीम बांधून घेतो. पुढे पाऊस दगा देतो, जित्राबे मरू लागतात, वाडी उठून जाते आणि शाळाही उरत नाही. मास्तराने मास्तराची गोष्ट शिकवावी यात थोडा स्वार्थही होता, तो नाकारीत नाही.

वर्गात मुले चोपन्न. सहा-सहांचे नऊ गट केले. गट मी पाडले नाहीत, चिठ्ठ्या टाकल्या. मुलांनी आपापले गट केले असते तर ते आळीप्रमाणे झाले असते, आणि आळी म्हणजे जात, हे येथे बसलेल्या कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पुस्तकाच्या प्रती मिळाल्या तेरा. शाळेच्या ग्रंथालयात दोन होत्या, बाकीच्या गावच्या वाचनालयातून आणि ओळखीच्यांकडून माझ्या हमीवर आणल्या. प्रत्येक गटाला एक प्रत आणि उरलेल्या चार आळीपाळीने घरी नेण्यासाठी. आठवड्यात मधल्या सुटीत गटात एकाने वाचावे, इतरांनी ऐकावे. शनिवारच्या सकाळच्या शाळेत दोन तासिका जोडून घ्याव्यात आणि त्या सत्तर मिनिटांत गटाने आपापसांत चर्चा करावी. कादंबरीचे पाच भाग पाडले आणि सहावा शनिवार सगळ्या वर्गाने एकत्र बसण्यासाठी राखला.

कामे वाटून दिली होती. एकाने प्रश्न आणावयाचे, पण एका शब्दात उत्तर संपेल असा प्रश्न चालणार नाही. एकाने पुन्हा वाचण्याजोगा परिच्छेद निवडावयाचा. एकाने शब्द वेचावयाचे, अर्थ शब्दकोशात नव्हे तर घरी आजीला विचारून आणावयाचा. एकाने वाडीचा नकाशा काढावयाचा. एकाने चर्चेचे टिपण ठेवावयाचे आणि एकाने चर्चा चालवावयाची. दर शनिवारी कामे बदलावयाची. ही कल्पना माझी नव्हे. अमेरिकेत शिकागोकडचे हार्वे डॅनियल्स यांनी १९९४ साली अशा वाचनगटांवर एक पुस्तक लिहिले व ते तिकडच्या शिक्षकांत फार चालले. पुढे त्यांनीच इशारा दिला, की ही कामांची वाटणी कागद भरण्याचे नवे घाणे होऊ शकते. तो इशारा मी वाचला होता, आणि तरीही माझ्या वर्गात तसेच घडले. तिसऱ्या शनिवारी एका गटाने सहाही कामे अगोदरच लिहून आणली आणि एकमेकांना वाचून दाखवून वीस मिनिटांत आटोपली. चर्चा म्हणून एक अक्षर झाले नाही. त्यानंतर मी कामांचा आग्रह सोडला, प्रश्न आणणारा तेवढा ठेवला.

आणखी एक युक्ती केली होती, ती चिंचोक्यांची. प्रत्येकाला तीन चिंचोके. बोलावयाचे तर एक चिंचोका मध्ये टाकावयाचा. तिन्ही संपले की इतरांचा निदान एकेक पडेपर्यंत गप्प बसावयाचे. वाचाळांना आवर बसावा आणि मुक्यांना वाचा फुटावी हा हेतू. दुसऱ्याच शनिवारी असे उघडकीस आले, की एका मुलाने आपले दोन चिंचोके शेजाऱ्याला एका पेरूच्या बदल्यात विकले होते. भाषणस्वातंत्र्याचा बाजार इतक्या लवकर उभा राहील असे मला वाटले नव्हते! मुलांना रागावलो नाही, कारण नियमात ‘विकू नये’ असे मी कोठेच म्हटले नव्हते. पुढच्या शनिवारी तो नियम मुलांनीच केला आणि तो मोडला गेला नाही.

माझे स्वतःचे काम एकच होते, गप्प बसणे. ते मला जमले नाही. पहिल्या शनिवारी मी पंधरा मिनिटांत सात गटांत डोकावलो, आणि ज्या गटाजवळ गेलो तेथील मुले बोलायची थांबून माझ्याकडे पाहू लागली. एका गटात तर मी पाच मिनिटे व्याख्यानच दिले. त्या दिवशीच्या त्यांच्या टिपणात फक्त ‘सरांनी समजावून सांगितले’ एवढेच होते. दुसऱ्या शनिवारपासून मी खिडकीजवळच्या बाकावर वही घेऊन बसू लागलो. वर्गात गोंगाट इतका, की शेजारच्या वर्गावरचे सहकारी दोनदा दारात येऊन गेले. मास्तर वर्गात असून गोंगाट कसा, हा त्यांचा प्रश्न. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग ही समजूत आपण पिढ्यानपिढ्या जोपासली आहे.

आता चौथ्या शनिवारी जे झाले ते सविस्तर सांगतो, कारण त्यासाठीच मी येथे उभा आहे.

कादंबरीतील तालमीचा प्रसंग आपल्याला आठवत असेल. मास्तर वाडीच्या लोकांना गोळा करतो, लोक राबतात, इमारत उभी राहते आणि प्रत्यक्ष राजेसाहेब वाडीत येतात. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी हे व्यायामाचे, विशेषतः सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते होते, हे सर्वश्रुत आहे. हेच ते संस्थान, जेथे १९३९ साली राजाने गांधीजींच्या सल्ल्याने सत्ता प्रजेच्या हाती सोपवण्याचा प्रयोग केला. आपल्या चळवळीला या प्रयोगाचे अप्रूप आहे आणि असावे. साहजिकच तालमीचा प्रसंग मी आजवर श्रमदानाचा, सामुदायिक पुरुषार्थाचा आदर्श म्हणून शिकवत आलो. आपल्या शिबिरांतूनही त्याचा दाखला मी दिलेला आहे.

त्या दिवशी एका गटाच्या प्रश्नकर्त्याने, सहसा न बोलणाऱ्या मुलाने, चिंचोका टाकून विचारले, ‘‘तालीम कुणाला पाहिजे होती?’’

गटात प्रथम हशा झाला. मग एकजण म्हणाला, वाडीला. दुसरा म्हणाला, वाडीने मागितली होती असे पुस्तकात कोठे आहे ते दाखव. पाने उलटली गेली. मास्तराच्या मनात आले आणि मग वाडीच्या मनात आले, असा क्रम त्यांनी लावला. एक मुलगी म्हणाली, मास्तराने चांगल्यासाठीच केले. त्यावर पहिला मुलगा म्हणाला, ‘‘चांगल्यासाठीच केलं. पण वाडी तर उठली. मग तालमीत कोण गेलं?’’

मी खिडकीजवळ बसलो होतो. एखादे वाक्य बोलून तालमीचा बचाव करावा अशी तीव्र इच्छा मला झाली. लोकांना एकत्र येण्याचे शिक्षण मिळाले, इमारत हे केवळ निमित्त, इत्यादी. ही वाक्ये आपल्या सर्वांना पाठ आहेत. मी ती बोललो नाही, पण त्याचे श्रेय मला नाही. त्याच क्षणी दुसऱ्या एका मुलीने ते काम केले, आणि माझ्याहून चांगले केले. ती म्हणाली, की तालीम बांधताना भांडणारी माणसे एकत्र आली हे खोटे नाही. पण पाण्यासाठी ती एकत्र आली असती तर? विहीर खणली असती तर? तिसरा म्हणाला, दुष्काळात विहिरीला पाणी कोठून येणार. मग चर्चा आमच्या तालुक्यात पोचली. आजोबांच्या तोंडून ऐकलेला १९७२चा दुष्काळ निघाला. सुकडी, खडी फोडण्याची कामे, रोजगार हमी हे सारे निघाले. कृष्णेचे पाणी या भागाला मिळावे म्हणून आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदा भरत, तेथे एकाचे आजोबा दरवर्षी भाकरी बांधून जात, हेही निघाले. टेंभूच्या योजनेचे पाणी कोणाच्या शिवारात आले आणि कोणाच्या नाही, यावर दोन मुलांत चांगलीच जुंपली. हे सर्व एका प्रश्नातून निघाले, आणि तो प्रश्न बावीस वर्षांत माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

मित्रहो, मास्तर वाडीत शहाणपण घेऊन येतो, ही आपलीही गोष्ट आहे. आपण गावोगाव किती समाजमंदिरे, किती वाचनालये, किती केंद्रे उभी केली! त्यांतील किती केंद्रांना आज कुलूप आहे, याची यादी मी येथे करीत नाही. ज्याची त्याने करावी. चूक हेतूची नव्हती. ‘कोणाला पाहिजे आहे’ हा प्रश्न आपण योग्य वेळी विचारला नाही, आणि जो विचारू शकला असता त्याला चर्चेत चिंचोका दिला नाही.

दुसरा प्रसंग शेकूच्या बायकोचा. बैलजोडी पुरी नाही म्हणून ही बाई स्वतः जुवाखाली मान देते आणि बैलाच्या जोडीने ओढते. पाठ्यपुस्तकी पद्धतीने पाहिले तर हा कष्टाचा आणि पतिनिष्ठेचा प्रसंग. दोन गटांच्या टिपणांत तसेच लिहिलेले आढळले, ‘आदर्श पत्नी’ असा शब्दही होता. तिसऱ्या गटात चार मुली होत्या. त्यांनी प्रश्न आणला, की शेकू दुसरा बैल मागावयास कोणाकोणाकडे गेला, आणि वाडीने काय केले? यावर एक मुलगी, जिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात, म्हणाली, ‘‘टोळीत मुकादम नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो. बाबा अर्धा कोयता, आई अर्धा कोयता. आईला तिचं नाव घेऊन उचल मिळत नाही.’’ एवढे बोलून तिने चिंचोका टाकला. बोलण्याआधी टाकावयाचा हा नियम ती विसरली होती आणि कोणी तिला त्याची आठवण दिली नाही.

उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली रक्कम, आणि ती फेडण्यासाठी तो कोयता हंगामभर बांधलेला. हे अर्थशास्त्र मी आपल्या अभ्यासवर्गांत आकड्यांसह मांडलेले आहे. पण जुवाखालची बाई आणि अर्धा कोयता यांना एका ओळीत बसवणे मला सुचले नव्हते. ज्या गटांनी ‘आदर्श पत्नी’ लिहिले होते, त्यांना मी ते खोडावयास सांगितले नाही. सहाव्या शनिवारी सगळा वर्ग एकत्र बसला तेव्हा टिपणे वाचली गेली आणि त्यांचे त्यांनीच काय ते ठरवले. एका गटाने शब्द बदलला, दुसऱ्याने बदलला नाही. न बदलणाऱ्यांचे म्हणणे असे, की ती आदर्श आहेच, पण तिच्यावर ही पाळी आणणारे आदर्श नाहीत. हेही मला टाकाऊ वाटले नाही.

येथवर ऐकून आपल्याला वाटेल, की हा गृहस्थ आपल्या यशाची कथा सांगतो आहे. म्हणून आता अपयशाची सांगतो.

बनगरवाडीत आनंदा रामोशी नावाचे पात्र आहे, चोरी करणारा म्हणून गावात ओळखले जाणारे. लेखकाची नजर त्याच्याकडे कठोर नाही, उलट मायेची आहे. पण शब्द ते शब्दच. माझ्या वर्गात एक रामोशी मुलगा होता आणि चिठ्ठीने तो ज्या गटात गेला, त्या गटाचा त्या दिवशीचा चालक थट्टेखोर होता. आनंदाचा प्रसंग वाचून झाल्यावर तो म्हणाला, आपापल्या वह्या सांभाळा रे. सगळे हसले. तो मुलगाही हसला. मी खिडकीजवळ बसून हे ऐकले आणि माझ्या मौनव्रताला चिकटून राहिलो. मुले आपली आपण दुरुस्त करतील, अशी माझी त्या वेळची श्रद्धा. कोणी काही दुरुस्त केले नाही. पुढचे दोन शनिवार तो मुलगा शाळेत आला नाही.

मधल्या आठवड्यात मी व्रत मोडले आणि वर्गाला पंधरा मिनिटे माहिती सांगितली. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याखाली जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरू लागला, पुढे रामोशीही त्या कचाट्यात सापडले. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा रद्द झाला, म्हणून ‘विमुक्त’ हा शब्द आला. उमाजी नाईक इंग्रजांशी लढले आणि १८३२ साली पुण्यात फाशी गेले. गावची राखण ज्यांच्याकडे परंपरेने होती, त्यांनाच चोर ठरवले गेले. मुलांनी हे सारे हाताची घडी घालून ऐकले, जसे ती माझे प्रत्येक व्याख्यान ऐकतात. त्याचा काय परिणाम झाला हे मी सांगू शकत नाही. थट्टा करणारा मुलगा खाली मान घालून बसला होता एवढे पाहिले.

मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याने एवढेच सांगितले, की पुस्तक चांगले आहे, पण त्याला दुसरा गट पाहिजे. मी दिला. त्या गटात तो पाचव्या शनिवारी आला, आणि त्याच्या तीन चिंचोक्यांपैकी एकही खाली पडला नाही.

गट बदलून दिला हे बरोबर केले की नाही, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. एका सहकारी मित्राचे म्हणणे असे, की मुलांच्या हाती चर्चा देणे म्हणजे समाजात ज्यांच्या हाती ती आधीच आहे त्यांच्याच हाती देणे. वर्गात शिक्षक हा दुर्बळाचा एकमेव वकील असतो, त्याने खिडकीजवळ बसून टिपणे घेणे हा पळपुटेपणा आहे. हा आक्षेप मी पूर्णपणे खोडू शकत नाही. गटचर्चा ही आपोआप लोकशाही होत नाही. ग्रामसभाही आपोआप होत नाही, हे आपण पाहतोच. मी एवढेच शिकलो, की अर्थ सांगण्याच्या बाबतीत मास्तराने गप्प बसावे आणि अपमानाच्या बाबतीत एक क्षणही बसू नये. हे दोन्ही एकाच तासात, एकाच बाकावरून करावयाचे असते आणि त्याचे काही सूत्र मला सापडलेले नाही. पुढच्या वर्षी हा प्रयोग करताना रामोशी पात्राचा भाग येण्याआधीच ती माहिती देईन. एवढी व्यावहारिक दुरुस्ती मात्र मी केलेली आहे.

वेळ कोठून काढावयाचा, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. दहावीच्या वर्गात हे मी करू शकलो नसतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. नववीत दोन पाठ मुलांना घरी वाचावयास सांगून बारा तासिका काढल्या. गुण देण्याच्या भानगडीत पडलो नाही. एका पालकाने विचारले, याचे मार्क किती? मी म्हणालो, शून्य. ते म्हणाले, मग कशाला? मुलाने त्यांना काय सांगितले कोण जाणे, पण ते पुन्हा आले नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणांच्या कागदांवर ‘चर्चा’, ‘कृतिशील अध्ययन’ हे शब्द पुष्कळ आहेत. पण सर्वेक्षणे, याद्या आणि निवडणुकीची कामे यांतून शिक्षकाला मोकळा शनिवार मिळेल, अशी तरतूद त्या कागदांत नाही.

येथे एक गोष्ट मुलांच्याच तोंडची. सहाव्या शनिवारी एका मुलाने वाचून दाखवले, की बनगरवाडीच्या शाळेचा पट आज असता तर सरकारने ती शाळा बंद केली असती. त्याने वर्तमानपत्राचे कात्रण आणले होते. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचे प्रस्ताव शासनाने २०२३ साली मागवले होते, तेव्हाचे. वाडीवरची सहा वर्षांची पोरे रोज कोठवर जाणार, याचा हिशेब मुलांनी वाडीच्या नकाशावर अंतरे टाकून केला. आपल्या पक्षाने या प्रश्नावर निवेदने दिली, मोर्चे काढले. त्या निवेदनांत हा नकाशा असता तर बरे झाले असते.

आता थोडे आपल्याविषयी. ब्राझीलमध्ये पाउलो फ्रेरे यांनी १९६३ साली आंगिकोस या गावी सुमारे ३०० श्रमिकांना साक्षर केले, तेही मंडळे करून. तेथे शिकवणारा बोलत नसे, प्रश्न मांडत असे. पुढच्याच वर्षी लष्कराने सत्ता घेतली आणि फ्रेरे तुरुंगात गेले, मग देशाबाहेर. आपण त्यांचे नाव पुष्कळ घेतो. पण आपला अभ्यासवर्ग कसा चालतो? वक्ता दीड तास बोलतो, मग अध्यक्ष घड्याळाकडे पाहून ‘कोणाला काही प्रश्न असल्यास’ म्हणतात, मग तीन नेहमीचे लोक प्रश्नाच्या नावाखाली भाषणे करतात आणि स्त्रिया चहाच्या व्यवस्थेला उठतात. मला साने गुरुजींविषयी किती आदर आहे हे आपण जाणता. तरी एक उद्धट विचार मनात येतो तो बोलून टाकतो. ‘श्यामची आई’ची मांडणी पाहा. रोज रात्री श्याम सांगतो, आश्रमातले मित्र भारावून ऐकतात. ती कथा म्हणून अप्रतिम आहे. पण आपण ती संघटनेची कार्यपद्धती करून टाकली. कोणीतरी सांगावे, इतरांचे डोळे भरून यावेत आणि सभा संपावी. गुरुजी स्वतः अमळनेरच्या छात्रालयात मुलांमध्ये राहात, त्यांची अंथरुणे घालीत. त्यांच्या मागून आलेल्या आपण मात्र त्यांचा फक्त आवाज उचलला.

शाखेने महिन्याला एक कादंबरी घ्यावी, असे माझे सुचवणे आहे. अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ घ्या, उद्धव शेळक्यांची ‘धग’ घ्या, विभावरी शिरूरकरांची ‘बळी’ घ्या. सहा-सहांचे गट करा, आणि तालुक्याच्या पदाधिकाऱ्याला खिडकीजवळ बसवा. कादंबरीतून पक्षाची भूमिका निघालीच पाहिजे, अशी घाई मात्र करू नका. ‘बनगरवाडी’तून ती निघत नाही. मुलांनी तालमीवर जो प्रश्न उभा केला, तो तर आपल्याच अंगावर आला.

शेवटच्या शनिवारचे सांगतो. तो दसऱ्यानंतरचा होता. चर्चेला घेतला होता वाडी उठून जाते तो भाग, आणि वर्गात चोपन्नांपैकी सेहेचाळीस मुले होती. आठ जणांच्या घरच्या टोळ्या कारखान्यांकडे निघून गेल्या होत्या. काही मुले हंगामी वसतिगृहात राहतात, ही राहिली नव्हती. अर्ध्या कोयत्याविषयी बोललेली मुलगी त्या आठांत होती. घरी नेण्याच्या चार प्रतींपैकी एक तिच्याकडे होती व ती प्रत तिच्याबरोबर गेली. वाडी का उठली यावर त्या दिवशी फार चर्चा झाली नाही. मुले रिकाम्या जागा मोजत होती. एका गटात तीनच उरले होते, त्यांना मी शेजारच्या गटात जाण्यास सांगितले, तर ते म्हणाले, नको सर, आमची जागा आहे ती राहू द्या.

ती मुलगी वैशाखात परत आली. प्रत परत आली, तिचे कव्हर नव्हते. वाचनालयाच्या वहीत दंड माझ्या नावावर लागला तो मी भरला. कादंबरी पुरी वाचलीस का, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, तिने फडावर रात्री मोठ्याने वाचली, टोळीतल्या बायका ऐकत होत्या. त्या काय म्हणाल्या ते सगळे तिने मला सांगितले नाही. सांगितले त्यातले एक असे, की मेंढरे मेल्यावर वाडीतल्या बायकांनी काय खाल्ले, हे पुस्तकात नीट लिहिलेले नाही.

संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी पंधरा मिनिटे ठेवली आहेत. त्यांच्या परवानगीने ती पाऊण तास करावीत आणि सहा-सहांचे गट करून बसावे अशी माझी विनंती आहे. तालमीचा प्रसंग मी चक्रमुद्रित करून आणला आहे, गटागटाला एकेक प्रत मिळेल. चिंचोके दाराजवळच्या पिशवीत आहेत.